रिकामी बाज

हे लिहिणारच नव्हतो. मोबाईलवर टाइप करायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा खोडलं. 'मी' असं लिहिलं की अंगठा तिथंच अडतो. म्हणून आता 'नीलेश' असं लिहितो. नीलेश म्हणजे कोण, ते सलंगटोल्यात कोणालाही कळेल. कळू द्या.

तर नीलेश. सडक अर्जुनीत हायवेला लागून त्याचं टीचभर दुकान. बाजूला ढाबा, समोर ट्रकांची रांग. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, वाढदिवसाचे बॅनर, सगळं एकाच टेबलावर. बारावीनंतर शिक्षण सुटलं, पण कॉम्प्युटर तो आपला आपण शिकला, चुकतमाकत. निवडणूक आली की त्याला जेवायला फुरसत नसते. सगळ्या पक्षांचे बॅनर तोच करतो. तोंडं बदलतो, जोडलेले हात तेच ठेवतो.

राहायला मात्र गावातच, सलंगटोल्यात. रोज मोटारसायकलनं येणं-जाणं. गाव जंगलाच्या कडेला. वर तलाव, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या सांडव्यावरून वाहून जातं त्याला आमच्याकडे सलंग म्हणतात, त्यावरून गावाचं नाव. तलाव मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या काळातला. मालगुजारी कधीचीच गेली. मालगुजाराची नातवंडं नागपूरला गेली, तिथून आणखी कुठं गेली कोण जाणे. घर पडलं, त्याची मातीही लोकांनी बांध्यांत नेऊन टाकली. राहिली ती एक बाज.

बाज म्हणजे साधी दोरीची खाट. पाय बीजा झाडाच्या लाकडाचे, हात लागून लागून काळे झालेले. या बाजेवर मालगुजार तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बसायचा आणि कोणाच्या बांधीत पाणी जाईल, कोणाच्या नाही, ते सांगायचा. सगळ्यांनी एका तोंडानं हो म्हटलं तर पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचायचं. मधेच कोणी नाही म्हटलं तर त्याच्या शेताच्या धुऱ्यापाशी येऊन पाणी थांबायचं. पोटरीत आलेला धान उभ्या उभ्या पांढरा पडायचा.

आता मालगुजार नाही, पण निवडणूक आली की बाज पारीवर निघते. ग्रामपंचायत असो, आमदारकी असो, खासदारकी असो. तलावातून पाणी सोडायच्या दाराची राखण ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे तो बिसराम आदल्या दिवशी तिला नवी दोरी विणतो. दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली बाज मांडतात आणि सगळं गाव तिच्यासमोर जमिनीवर बसतं. बाजेवर कोणी बसत नाही. मग भैयाजी उठतात. भैयाजी म्हणजे गावातले जुने कास्तकार, डोक्याला दुपट्टा, आवाज असा की दोन बांध्यांपलीकडे जाईल. ते बाजेपुढं हात जोडतात आणि म्हणतात, "मालिक, अमक्याचं नाव निघालं आहे. तुमाले काही म्हनायचं असन तं म्हना."

आणि थांबतात. कोणी खोकतसुद्धा नाही.

बाज काय बोलणार? मग भैयाजी गावाकडं वळून म्हणतात, "मालकाचं काही म्हनना नाई." झालं. तेच नाव. दुसरा कोणी फॉर्म भरत नाही. मोठ्या निवडणुकीत अख्खं बूथ एकीकडं. दुसऱ्या पक्षाचा एजंट आमच्या बूथवर डबा खातो आणि झोपतो.

गोंदियाहून प्रचाराला येणारा हिमांशू म्हणून एक पोरगा आहे, नीलेशकडूनच बॅनर नेतो. तो हसायचा. "नीलेश भाई, पूरा ज़िला घूम लिया. हर जगह आदमी से वोट मांगना पड़ता है, आपके यहां खटिया से." पण तोही गावात आला की बाजेच्या पायाला हात लावून जायचा. लावणारच. मतं तिथं होती.

देवानंदला हे पटत नव्हतं.

देवानंद नीलेशचा लहानपणापासूनचा दोस्त. तलावात दोघं सोबत पोहायला शिकले, एकाच वेळी बुडता बुडता वाचले. तो गोंदियाला कॉलेज शिकला, नागपूरला परीक्षांची तयारी करून आला, नोकरी लागली नाही, गावात परतला आणि आईसोबत शेती करू लागला. डोकं मात्र नागपूरचंच राहिलं. गावातल्या पुष्पाबाईच्या चहाच्या टपरीवर बसला की सुरू.

"तिकडं पश्चिमेकडं पाय," तो म्हणायचा. "कारखाना आहे, सोसायटी आहे, तिकडचा शेतकरी नेत्याच्या मीटिंगमधी उभा राहून भांडते. आपल्या इकडं मालगुजारी होती. आपले लोक आतापावतर मालिकच शोधून रायले. कधी थो आमदार असते, कधी ठेकेदार. राज्य एकच, पन आपन मत देत नाई बे, आपन मुजरा करतो."

"भाषण कमी दे," नीलेश म्हणायचा. "चहा थंडा होऊन रायला."

"तुले काय? तुह्या बॅनरचा धंदा."

"मंग तू उभा राय. तुहा बॅनर फुकट करून देतो. हात जोडलेला फोटो आन फक्त."

"हात जोडनार नाई मी," देवानंद म्हणाला. "घडी घालून उभा रायन."

यंदा ग्रामपंचायत लागली आणि बैठक ठरली. धान चुरून, मळून झाला होता, उन्हाळी धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायची तयारी चालली होती. सकाळचं धुकं उठून लख्ख ऊन पडलेलं. पारीवर सगळं गाव. तलावात अडई बदकांचा गलका चालू. बिसरामनं विणलेली नवी दोरी उन्हात पिवळी दिसत होती.

भैयाजींनी आपल्या पुतण्याचं नाव घेतलं. हात जोडले. "मालिक, तुमाले काही म्हनायचं असन तं..."

"मले म्हनायचं आहे," देवानंद म्हणाला.

तो उठला. लोकांमधून वाट काढत पुढं गेला. नीलेशला वाटलं आता हा भाषण ठोकेल. पण त्यानं काहीच केलं नाही. चपलांसकट गेला आणि बाजेवर बसला. आरामात, मांडी घालून.

"पाहा," तो म्हणाला. "लाकूड आहे. दोरी आहे. काही होत नाई."

नवी दोरी कोणी बसलं की करकरते. करकरलीच पाहिजे. नीलेश कान देऊन होता, ती करकरली नाही. आणि आणखी एक गोष्ट त्यानं पाहिली, जी त्यानं तेव्हा कोणाला सांगितली नाही. देवानंद बसायच्या आधीच दोरीला मधोमध खोलगा होता. कालच विणलेल्या बाजेला. कोणी खूप वेळ बसून आत्ताच उठल्यासारखा.

बदकं गप्प झाली होती.

भैयाजी रागावतील, बिसराम धावून येईल, पोरं हसतील, असं काहीतरी होईल म्हणून देवानंद वाट पाहत होता. त्याच्या तोंडावर भांडायची तयारी दिसत होती. भैयाजींनी त्याच्याकडं पाहिलं. हळूच डोक्याचा दुपट्टा काढला, हातावर घेतला. मान खाली केली.

"मालिक," ते म्हणाले, "किती वर्सानं बोल्ले."

आणि गाव, सगळं गाव, एकदम मोकळा श्वास सोडावा तसं झालं. कोणीतरी रडत होतं. म्हाताऱ्या बायांनी पदर डोक्यावरून पुढं ओढले.

"मालिक नाई गा भैयाजी," देवानंद हसला. "देवानंद आहे मी. धुरपताचा देवा. तुमच्या बांधीतल्या मिरच्या चोरनारा."

कोणी हसलं नाही.

"सरपंचाले मी उभा रायतो," तो म्हणाला.

"जशी मालकाची मर्जी," भैयाजी म्हणाले.

"अजी मर्जी नाई, मी उभा रायतो, तुमचा पुतन्याबी उभा राहू दे. लढू ना!"

"मालकाचं म्हनना झालं," भैयाजी गावाकडं वळून म्हणाले. लोक उठले आणि गेले. जाताना बाजेकडं पाठ न करता, उलट्या पावलांनी.

परत येताना देवानंद हसून हसून बेजार. "नाटक करून रायले बे म्हातारे. चिडवून रायले मले. पाहू, किती दिवस."

पहिले काही दिवस नीलेशलाही तसंच वाटलं. पुष्पाबाईच्या टपरीवर देवानंद आला की बाकावरचे सगळे उठायचे. तो बसला की समोर उकिडवे बसायचे. तो म्हणायचा, "अबे बसा ना वर," तर म्हणायचे, "नाई जी, इथं बरं आहे." पुष्पाबाई त्याला कपात चहा द्यायची नाही, घरातून पितळी गिलास आणायची. तो जोक सांगायचा. सगळे त्याच्या तोंडाकडं पाहत राहायचे. जोक संपला की सगळे एकदम हसायचे आणि एकदम थांबायचे. मधे एकाचाही आवाज मागं राहायचा नाही.

एकदा देवानंदनं मुद्दाम अर्धाच जोक सांगितला आणि गप्प बसला. सगळे तसेच, तोंड अर्धवट उघडं ठेवून, थांबले. चहा उतू गेला तरी पुष्पाबाई हलली नाही.

"हास बे," तो कुजबुजला. नीलेशला वाटलं आपल्याला म्हणाला. पण हसले सगळे.

मग बाज दारात आली. देवानंद सकाळी उठला तर अंगणात, तुळशीच्या बाजूला. बिसराम बाजेचे पाय धुवून जात होता.

"कायले आनली इथं?"

"मालकाची बाज मालकाच्या दारी."

"बिसरामकाका, तुमी तं असं नोका करू. तुमी आदिवासी, तुमचा देव वेगळा, तुमचं सगळं वेगळं."

"आमच्या देवाले बाज लागत नाई," बिसराम म्हणाला. "आमी फक्त दोरी बांधतो. तुमीच सांगता, आमी बांधतो." आणि हात जोडून गेला.

देवानंद आणि नीलेशनं मिळून बाज उचलून पारीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अंगणात. पुन्हा नेली, पुन्हा आली. कोण आणतं विचारलं तर ज्याला विचारावं तो मान खाली घालायचा. शेवटी देवानंद म्हणाला, "राहू दे. आपल्याच पाठीचा भुगा होते." आणि दोन-चार दिवसांनी नीलेश गेला तर देवानंद बाजेवर लोळलेला. "खाली फरशी लय थंडी लागते बे," तो म्हणाला. नीलेशनं काही विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी नीलेशनं धुरपताकाकूंना पाहिलं. त्या लेकाला जेवण वाढत होत्या. ताट बाजेपाशी ठेवलं, पदर कपाळावर ओढला आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आई. लेकासमोर पदर घेऊन. देवानंद जेवत होता आणि त्याला काही वावगं वाटत नव्हतं, हे नीलेशला जास्त लागलं.

तलावाचं पाणी सुटायचे दिवस आले. पारीवर देवानंद उभा, बिसराम तलावाच्या दारापाशी. नीलेश सहज तिकडून चालला होता. देवानंद सांगत होता, "पयले भुताखालची भरा, मंग सोनझरी, मंग आंबेबांधी. रांडबांधी सोडून द्या."

नीलेश थांबला. ही बांध्यांची नावं त्यानं कधी ऐकली नव्हती. आता लोक बांध्यांना मालकाच्या नावानं ओळखतात, शकुंतलाबाईची, दुर्गेशची, अशी. बिसराम मात्र न विचारता एकेका बांधीकडं मान वळवत होता.

"ही नावं तुले कोनं सांगितली?" नीलेशनं विचारलं.

"कोनती नावं?"

"आता बोल्ला ना. सोनझरी. भुताखालची."

देवानंदनं कपाळाला आठी घातली. काहीतरी आठवत असल्यासारखा थोडा वेळ तलावाकडं पाहत राहिला. "मी तं दुर्गेशच्या बांधीचं सांगून रायलो होतो," तो म्हणाला.

दुर्गेश त्यांच्याच वयाचा. आदल्या दिवशी टपरीवर त्यानं सवयीनं हाक मारली होती, "काय देवानंदभाऊ, बॅनर कधी लागते?" टपरी गप्प झाली होती. देवानंद मात्र हसला होता. पण आता सगळीकडं पाणी गेलं आणि दुर्गेशच्या धुऱ्यापाशी थांबलं. बाजूची बांधी चमकत होती, त्याची भेगा पडून कोरडी. जिला रांडबांधी म्हटलं ती हीच.

नीलेश देवानंदच्या अंगणात गेला. "काऊन बंद केलं त्याचं?"

"मी नाई केलं."

"बिसरामकाका म्हनते मालकानं सांगितलं."

"मी नाई सांगितलं, नीलू!" देवानंदचा आवाज पोरासारखा झाला. "आईची आन. मी..."  त्यानं पाहिलं की आपण बाजेवर बसून बोलत आहोत आणि नीलेश उभा आहे. तो उठला. उठताना त्यानं गुडघ्यावर हात टेकला, म्हाताऱ्या माणसासारखा.

त्यानंतर त्यानं नीलेशला 'बे' म्हणणं सोडलं. "काय रे, कसं चाललं," असं म्हणायचा. दुरून.

फॉर्म भरायची तारीख जवळ आली तेव्हा तो दुकानात आला. दुपारची वेळ. दुकानात तीन-चार जण, नीलेश कोणाचा तरी जातीचा दाखला अपलोड करत होता. दाराशी सावली पडली आणि नीलेश उभा राहिला.

त्यानं ठरवलं नव्हतं. खुर्ची मागं सरकली, गुडघे सरळ झाले, आणि तोंडात एक शब्द येऊन दातांपाशी थांबला. मा... लि...

त्यानं तोंड घट्ट मिटलं. जीभ चावली गेली, रक्ताची चव आली. देवानंद समोर उभा होता आणि त्याच्याकडं पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती. नीलेशला वाटलं होतं की भीती फक्त आपल्याकडं आहे.

"फॉर्म भरून दे," देवानंद म्हणाला. नीलेशनं भरला. नाव टाइप करताना बोटं दोनदा चुकली. प्रिंट दिली. देवानंद गेला. मग नीलेशनं शटर अर्धं ओढलं आणि टेबलाखाली आपल्या गुडघ्यांवर हात ठेवून बसला. बाजेचं भूत, मालगुजाराचं भूत, असलं त्याला खरं वाटत नव्हतं. आताही वाटत नाही. पण हे गुडघे त्याचेच होते, आणि त्याला न विचारता उठले होते. त्याच्या बापाचे असेच उठले असतील. आज्याचे तर उठलेच असतील.

संध्याकाळी तो धुरपताकाकूंकडं गेला. देवानंद घरी नव्हता. त्या गोठ्यात शेण गोळा करत होत्या.

"काकू, तुमी काऊन पदर घेता त्याच्यासमोर? तुमचा पोरगा आहे."

"मी घेत नाई," त्या म्हणाल्या. "हात जाते."

थोडा वेळ त्या काम करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्या आज्यानं मालिक पाह्यला होता. मालिक गेला तवा लोक म्हने, बाज जाळून टाकू. भैयाजीचा आजा म्हने, जाळाल तं उद्या दुसरा कोनी नवी आनन. राहू द्या रिकामी. रिकामी बाज कोनाचं पानी बंद करत नाई." त्यांनी हात धुतले. "पोराले वाटलं आमी बाजेच्या पाया पडतो. आमी पाहत होतो गा, कोनी बसलं तं नाई ना."

"मंग सांगाचं होतं त्याले."

"आमच्यात सांगत नाई," त्या म्हणाल्या. "करतात फक्त. करता करता आमालेबी आठवत नाई का कायले."

नीलेशला रात्रभर झोप नव्हती. वाटलं, म्हातारे चलाख होते, एवढं मात्र खरं. पण रिकाम्या बाजेसमोर बसायची सवय तर लागलीच ना सगळ्यांना. समोर बसायचं, मान खाली घालायची, वाट पाहायची. जागा रिकामी होती म्हणून काय झालं. बसणारे तयारच होते.

दुसऱ्या दिवशी, फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, तो देवानंदला शोधत पारीवर गेला. भर दुपार. ऊन असं की पाण्याकडं पाहवत नाही. मोहाखाली बाज, कोणीतरी अंगणातून परत आणून ठेवलेली, बाजेवर देवानंद. एकटाच. बदकं होती, तलावभर होती, पण एकही ओरडत नव्हतं.

"देवा," नीलेशनं हाक मारली.

देवानंदनं लगेच मान वळवली नाही. थोडा उशीर झाला. लांबून निरोप पोचावा एवढा.

"ये. बस," तो म्हणाला आणि बाजेवर बाजूची दोरी थोपटली.

नीलेश बसला. बसल्यावर त्याला हाताखाली माती लागली. तो जमिनीवर बसला होता.

देवानंदनं त्याच्याकडं पाहिलं. "तू बी, नीलू?"

नीलेशनं हाताची माती पँटला पुसली.

"सकारी उठलो का पयले नाव आठवाव लागते मले," देवानंद हळूहळू म्हणाला. "आठवते. पन दुसऱ्या कोनाचं नाव असल्यासारखं आठवते. काल माय बाहेर उभी होती. मी जेवून रायलो होतो. अर्धं जेवन झाल्यावर मले ध्यानात आलं, ही माय आहे."

"फॉर्म मागं घे. निघून चाल. नागपूरले जाऊ."

"मागं घेतला तं काय होईन? मंग मालिक जो म्हनन तो सरपंच. बाज तं माह्याच दारात रायन." त्यानं पायाचा अंगठा मातीत रुतवला. "बसलो म्हनून झालं नाई हे. कोनी उठवलं नाई म्हनून झालं. तवा भैयाजीनं काठी घातली असती, तं मी लढलो असतो, ते लढले असते, संपलं असतं. कोनीच नाई म्हनलं नाई, नीलू. मले कोनी तरी नाई म्हनाले पायजे."

"मी म्हनतो नाई."

"इथं नाई. मशीनवर. माह्या नावाखाली दुसरं नाव पायजे. गावाले आयुष्यात एकदा सरपंचाले दोन बटनं दिसली पायजे."

नीलेशला कळलं तो काय मागतोय.  नीलेशच्या घरची बांधी तलावाच्या पार खालच्या टोकाला होती. दुर्गेशच्या भेगा त्यानं पाहिल्या होत्या.

"मी हारन बे," तो म्हणाला.

"हार ना. डिपॉझिट जाऊ दे. एक मत पडलं तरी मी सुटलो."

"एक तं माहंच पडन."

"दोन," देवानंद म्हणाला. "एक माहं."

आणि पहिल्यांदा, कितीतरी दिवसांनी, तो आपल्यासारखा हसला, एका बाजूनं, मिरच्या चोरताना हसायचा तसा.

नीलेश उठला. गुडघे जड होते, कोणी खांदे खाली दाबत असल्यासारखे. तो एक पाऊल गेला, मग बाजेचा पाय धरला, मग वळला आणि देवानंदच्या बाजूला, बाजेवर, धपकन बसला. दोरी करकरली. आणि तेव्हा बाजेची दुसरी कड हलली. देवानंदच्या पलीकडची, जिथं कोणी नव्हतं. कोणी जरा सरकून जागा करून दिल्यासारखी. देवानंद हलला नव्हता. दोघांनीही तिकडं पाहिलं नाही.

पारीवरून खाली दुर्गेशच्या बांधीत कोणीतरी कुदळ मारत होतं. तेवढाच आवाज.

"आइक," नीलेश म्हणाला. समोर पाण्याकडं पाहत, कारण बाजूला पाहायची हिंमत नव्हती. "उद्या दुकान उघडलं का पयला फॉर्म माहा भरतो. तुह्या विरोधात. बॅनर बी लावतो, हाताची घडी घातलेला. आन निवडनूक होईपावतर, आन झाल्यावरबी, रोज सकारी तुह्या अंगनात येऊन सगळ्या गावाले आइकू जाईन असी हाक मारीन, 'देवा, उठ बे त्या बाजेवरून.' तू वळखलं नाई तरी मारीन. तू माहं पानी बंद केलं तरी मारीन."